खुराकाचा खर्च कोणी उचलायचा?

२५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये यूएफसी या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या पिंजऱ्यात पहिला भारतीय उतरला. कुस्तीतून मिश्र मार्शल आर्ट्सकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या एमएमए या खेळाकडे आलेल्या भरत खंडारेसमोर सोंग यादोंग हा एकोणीस वर्षांचा चिनी मुलगा होता आणि लढत पहिल्याच फेरीत संपली. सोंग पुढे आपल्या वजनगटात जगातल्या आघाडीच्या लढवय्यांत जाऊन बसला, त्यामुळे त्या पराभवात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण यूएफसीमध्ये भारतीयाचा पहिला विजय पाहायला त्यानंतर साडेसहा वर्षे जावी लागली. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल येथे तो मिळवला मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाण्याच्या पूजा तोमरने. वडील लवकर गेलेले, आईने वाढवलेली, वुशू या चिनी युद्धकलेत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेली ही मुलगी घडली मात्र इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या एका क्लबात. मधल्या काळात उत्तराखंडचा अंशुल जुबली सैन्यात अधिकारी होण्याची तयारी सोडून या खेळात आला. सुरुवातीचे धडे त्याने व्हिडिओ पाहून गिरवले, मग दिल्लीत रीतसर शिकला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'रोड टू यूएफसी' ही आशियाई निवडस्पर्धा जिंकून करारापर्यंत पोहोचला. करार झाल्यानंतरच्या दोन्ही लढती तो हरला.

या तिघांच्या गुणांविषयी किंवा जिद्दीविषयी शंका घेण्यासारखे काही नाही. त्यांच्या वाटचालीत सारखे दिसते ते एवढेच की पूर्णवेळ मेहनतीची वर्षे प्रत्येकाने आपापल्या बळावर, जमेल तिथे आणि जमेल तशी काढली. एमएमएचा लढवय्या घडायला सहा-सात वर्षे लागतात, आणि त्या काळात त्याचे जेवण, खोलीचे भाडे, प्रशिक्षकाचे शुल्क आणि दुखापतीचा इलाज यांचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्याकडे कोणी नीट विचारलेलाच नाही. माझे म्हणणे असे की या काळात लढवय्याला बक्षिसाची नव्हे, ठरलेल्या मासिक वेतनाची गरज आहे. आणि ते वेतन देणारा व लढती भरवणारा हे दोन वेगळे पक्ष असले पाहिजेत.

पूर्णवेळ मेहनत म्हणजे काय, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. बॉक्सिंग किंवा थायलंडच्या मुए थायचा ठोसा-लाथांचा सराव, कुस्तीतले पाडण्याचे डाव, जुजुत्सूतली जमिनीवरची पकड आणि या तिन्हींची सांधेजोड करणारा स्वतंत्र सराव, असे एकाच अंगावर चार खेळांचे ओझे असते. त्यात ताकदीचे व्यायाम येतात, लढतीआधी वजन उतरवणे येते, आणि हे सारे झेपावे म्हणून झोप व आहार यांनाही वेळ द्यावा लागतो. सकाळी व्यायामशाळेत नोकरी, दुपारी घरगुती शिकवण्या आणि रात्री उरलेल्या त्राणावर दोन तास सराव, अशा दिनक्रमात राहणारा मुलगा हौशी स्पर्धा जिंकेल. त्याहून पुढे जाणे त्याला फार कठीण आहे. शिवाय या खेळात सर्वांत महाग गोष्ट उपकरणे नाहीत, जोडीदार आहेत. आपल्याच वजनाचे, आपल्याहून थोडे सरस, वेगवेगळ्या पद्धतीने लढणारे आठ-दहा जोडीदार रोज एका छपराखाली असतील तरच लढवय्या सुधारतो. तालमीत वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण चांगली जोड नसेल तर पैलवान तयार होत नाही हे तिथे जुने ज्ञान आहे. असा जथा टिकायचा तर त्यातल्या एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या पोटाची सोय झाली पाहिजे. एका गुणी मुलाला लोकवर्गणी करून परदेशी पाठवण्याच्या आपल्या रीतीतून म्हणूनच फारसे काही उभे राहत नाही.

लढवय्याने लढून कमवावे, त्याला बसून पगार कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर कुस्ती आणि एमएमए यांच्यातल्या एका मूलभूत फरकात आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्यापर्यंत चालतो. या काळात चांगला पैलवान गावोगावची मैदाने करतो, एका आठवड्यात दोन-तीन कुस्त्याही धरतो आणि लहानमोठ्या इनामांतून वर्षाच्या खुराकाचा काही भाग तरी उभा करतो. मातीतल्या कुस्तीत डोक्यावर ठोसे-लाथा बसत नाहीत, म्हणून हे शक्य आहे. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची एमएमए लढत मात्र सहसा वर्षाला दोन किंवा तीनच वेळा करता येते. ठोसा लागून बेशुद्ध झालेल्या लढवय्याला जिथे नियमन कडक आहे तिथे डॉक्टर महिना-दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ सरावातल्या मारामारीलाही मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. ज्या खेळात शरीरशास्त्रच वर्षाला दोन-तीन लढतींची मर्यादा घालते, त्या खेळात नवोदिताने प्रत्येक लढतीच्या मोबदल्यावर जगावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला ती मर्यादा मोडायला लावणे आहे.

आणि तो मोबदला असतो तरी किती? जगातल्या सर्वांत श्रीमंत मंचावर, म्हणजे यूएफसीत, नव्या लढवय्याचा करार वर्षानुवर्षे लढतीला उतरण्याचे १० ते १२ हजार डॉलर आणि जिंकल्यास तेवढेच आणखी, अशा स्वरूपाचा राहिला आहे. त्यातून व्यवस्थापकाचा वाटा, क्लबचा वाटा, लढत जिथे झाली तिथला कर आणि तयारीच्या दोन-तीन महिन्यांचा खर्च वजा केला की हरलेल्या लढवय्याच्या हातात फार थोडे उरते. हे शिखरावरचे आकडे आहेत आणि तिथवर पोहोचलेले भारतीय बोटांवर मोजता येतात. यूएफसीच्या उत्पन्नातला लढवय्यांचा वाटा साधारण एक पंचमांशाच्या आसपास राहिल्याचे २०१४ पासून अमेरिकेत चाललेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यातून पुढे आले. अमेरिकेतल्या मोठ्या सांघिक खेळांत खेळाडूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग मिळतो, हे ध्यानात घेतले की अंतर कळते. त्या खटल्याचा एक भाग शेवटी ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. भारतात २०१२ मध्ये मुंबईत मोठ्या गाजावाजात सुपर फाइट लीग सुरू झाली, २०१९ मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइट आली, आणि या मंचांमुळे मुलांना लढती मिळाल्या हे मान्य केले पाहिजे. पण लढत भरवणारी संस्था लढतीच्या रात्रीचे पैसे देते. मधल्या महिन्यांची जबाबदारी तिची नसते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, पैलवानांचा खुराक दरबारातून बांधून दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. पैलवानाने पोटाची काळजी न करता मेहनत करावी, हे तत्त्व त्या व्यवस्थेच्या मुळाशी होते आणि ते पूर्णपणे बरोबर होते. पण आश्रय एका व्यक्तीच्या रसिकतेवर आणि तिजोरीवर टेकलेला होता. संस्थाने गेल्यावर काय झाले ते खाशाबा जाधवांच्या कहाणीत दिसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाला दारोदार मदत मागावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले तेव्हा तो प्रवास घडला. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका शिक्षकाच्या घरावर काढलेल्या कर्जातून आले. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. मला तिच्यात राज्यव्यवस्थेचे अपयशही तितकेच ठळक दिसते.

आज तालमीतल्या बहुतेक मुलांचा खुराक घरून येतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बीड, अहिल्यानगर इकडचे शेतकरी बाप महिन्याच्या महिन्याला दूध, तूप, बदाम, मांस आणि खोलीभाडे यांचे पैसे पाठवतात. पाऊस हुकला किंवा उसाचे बिल थकले तरी पोराचा खुराक थांबू नये म्हणून कर्ज काढतात. हे सारे ते कोणत्या आशेवर करतात? महाराष्ट्र केसरीची गदा एकालाच मिळणार आहे, हे बापालाही ठाऊक असते. पण कुस्तीच्या वाटेवर गदेशिवाय इतरही मुक्काम आहेत: सैन्यदल, पोलीस, रेल्वे आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण. सैन्याने तर २००१ मध्ये पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभारून निवडलेल्या मुलांची सगळी जबाबदारीच उचलली. खेळाडूला गणवेश, हुद्दा, पगार आणि पुढे निवृत्तिवेतन देणारी ही व्यवस्था भारतीय कुस्ती, बॉक्सिंग आणि ॲथलेटिक्सचा खरा कणा आहे. तिच्यामुळेच कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला पोरगा खेळात घालण्याचे धाडस होते.

एमएमएच्या वाटेवर असा एकही मुक्काम नाही. पंचविसाव्या वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या एमएमए लढवय्यापुढे शासकीय आरक्षण नाही, रेल्वेची भरती नाही, आणि बहुधा शिक्षणही अर्धवट सुटलेले असते. व्यायामशाळेत प्रशिक्षक होणे एवढाच पर्याय उरतो. त्यामुळे आज हा खेळ पूर्णवेळ खेळू शकणारे दोनच प्रकारचे तरुण दिसतात: ज्यांच्या घरी पैसा आहे ते, आणि ज्यांच्याकडे गमावण्यासारखे काहीच नाही ते. मधला मोठा वर्ग, ज्यातून आपले सर्वोत्तम कुस्तीगीर आणि बॉक्सर आले, तो या खेळापासून दूर राहतो. पैशाच्या अभावाने दोन-चार खेळाडू मागे राहतात एवढ्यावर हे भागत नाही; कोण खेळणार आणि कोण नाही हेच पैशाने ठरते.

इतर देशांनी काय केले, ते पाहताना केवळ विजेत्यांकडे पाहून चालणार नाही. रशियातल्या दागिस्तानचे नाव या खेळात सर्वांना माहीत आहे. तिथे सोव्हिएत काळापासून चालत आलेल्या सरकारी क्रीडाशाळांत मुलांना कुस्ती विनामूल्य शिकवली जाते, आणि अब्दुलमनाप नुरमागोमेदोव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी त्या पायावर पुढची इमारत उभी केली. पण व्यावसायिक संघाला, म्हणजे ईगल्स एमएमएला, मुख्य आर्थिक बळ होते ते झियावुद्दिन मागोमेदोव या अब्जाधीश उद्योगपतीचे. मार्च २०१८ च्या अखेरीस त्याला अटक झाली आणि २०२२ मध्ये १९ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. एप्रिल २०१८ मध्ये अब्दुलमनाप यांचा मुलगा हबीब यूएफसीत जगज्जेता झाला तेव्हा त्याचा आश्रयदाता तुरुंगात होता. हबीबसारखा खेळाडू त्यातून तरून जातो, पण त्याच संघातल्या नवख्या मुलाच्या वाट्याला अशा वेळी काय येत असेल, याचा विचार करावा. एका धनिकावर उभी असलेली व्यवस्था त्याच्या नशिबाबरोबर वरखाली होते. कोल्हापूरच्या दरबारानंतर आपणही तेच अनुभवले आहे.

थायलंडमध्ये मुए थायच्या तळांवर लहान मुले राहायलाच येतात. तळ त्यांना जेवण, निवारा, शिक्षण देतो आणि बदल्यात लढतीच्या मोबदल्यातला मोठा भाग, बहुधा निम्मा, स्वतःकडे ठेवतो. लढवय्ये आडनाव म्हणून तळाचेच नाव लावतात. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला एमएमएच्या एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत आपल्या रितू फोगटला हरवणारी स्टॅम्प फेअरटेक्स ही पट्टायाच्या फेअरटेक्स तळाची. या पद्धतीतून असामान्य लढवय्ये निघाले, हे नाकारता येणार नाही. पण तिच्यात मूल कळत्या वयाच्या आधीच कोणाच्या तरी गुंतवणुकीचा भाग होते.

रितू फोगट स्वतः दुसऱ्या व्यवस्थेतून गेली. प्रो रेसलिंग लीगच्या लिलावात महिलांमध्ये सर्वाधिक बोली मिळवणारी ही कुस्तीगीर २०१९ मध्ये कुस्ती सोडून सिंगापूरच्या इव्हॉल्व्ह या संस्थेत दाखल झाली. इव्हॉल्व्हने निवडचाचण्या घेऊन जगभरातल्या लढवय्यांना पूर्णवेळ, पगारी तत्त्वावर ठेवण्याची पद्धत आशियात रुजवली. जागतिक विजेते प्रशिक्षक, रोजचे जोडीदार आणि महिन्याच्या शेवटी ठरलेली रक्कम यांचा मेळ तिथे बसला. मी ज्या वेतनाचा आग्रह धरतो आहे त्याचे हे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. तरीही त्यात एक गाठ आहे: इव्हॉल्व्हचे संस्थापक चात्री सित्योद्तोंग हेच वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या कंपनीचेही संस्थापक आहेत. शांघायमध्ये २०१९ पासून यूएफसीने आपल्या केंद्रात चिनी तरुणांसाठी पूर्ण शिष्यवृत्तीची प्रबोधिनी चालवली, तिथेही शिकवणारा आणि लढत देणारा एकच. या व्यक्ती किंवा संस्था वाईट वागल्या असा माझा आरोप नाही. परंतु ज्याच्या घरात लढवय्या राहतो, ज्याचे अन्न तो खातो, त्याच्याशीच लढतीच्या मोबदल्याची घासाघीस करण्याचे बळ बाविशीतल्या मुलात येणार कुठून? बॉक्सिंगमध्ये हा धोका ओळखून अमेरिकेने २००० साली मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा केला आणि व्यवस्थापक व आयोजक यांच्यात भिंत घातली. एमएमएला तो लागू झाला नाही. आपण नव्याने व्यवस्था उभारणार असू तर ही भिंत पहिल्या दिवसापासून असावी.

सर्वांत अवघड उदाहरण चीनमधल्याच चेंगदूचे आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या एन्बो क्लबमधल्या कोवळ्या वयाच्या मुलांची पिंजऱ्यातली लढत दाखवणारी चित्रफीत पसरली आणि देशभर वादळ उठले. मुले लिआंगशान या अतिशय गरीब डोंगराळ भागातली होती, त्यांपैकी अनेक अनाथ होती. क्लब त्यांना अन्न, निवारा आणि प्रशिक्षण देत होता. प्रशासनाने हस्तक्षेप केला, मुलांना गावी परत पाठवले, आणि तेव्हा अनेकांनी विचारले की परत जाऊन त्यांच्या वाट्याला येणार काय? क्लबमध्ये निदान पोटभर जेवण आणि काही भविष्य होते. याच क्लबमधून सू मुदार्जी हा तिबेटी लढवय्या यूएफसीपर्यंत पोहोचला, हेही खरे. या वादात मी प्रशासनाच्या बाजूने आहे, आणि तसे सोपेपणाने म्हणत नाही. भुकेल्या मुलाने जेवणाच्या बदल्यात दिलेली संमती ही संमती नसते. त्याच्या जेवणाची आणि शाळेची जबाबदारी लढण्याशी जोडलेली असता कामा नये. भारतातही पूर्णवेळ लढवय्याचा करार अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी कोणाशी करू नये. त्याआधी मुलाने कुस्ती, ज्यूदो, वुशू किंवा बॉक्सिंग खेळावे, शाळा पूर्ण करावी आणि डोक्यावरचे आघात जितके टाळता येतील तितके टाळावेत. कुस्तीचा उत्तम पाया असलेल्या तरुणाचे एमएमएत उशिरा येण्याने फारसे बिघडत नाही. महाराष्ट्रात तर विशीच्या पुढे राष्ट्रीय संघाची आशा मावळलेले, पण अंगात कसब असलेले कितीतरी मल्ल आहेत.

सार्वजनिक पैसा या खेळाला मिळण्याच्या दिशेने एक दार नुकतेच किलकिले झाले आहे. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडास्पर्धांच्या कार्यक्रमात एमएमएचा सहा पदक-प्रकारांसह समावेश झाला. खेळाडूला मासिक वेतन द्यावे हे तत्त्व सरकारने तर आधीच स्वीकारले आहे: ऑलिंपिकच्या तयारीसाठी २०१४ पासून असलेल्या टॉप्स योजनेत मुख्य गटातल्या खेळाडूला महिन्याला ५०,००० रुपये मिळतात, विकास गटातल्याला २५,०००, आणि खेलो इंडियाच्या वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांच्या तरतुदीपैकी १ लाख २० हजार थेट खेळाडूच्या हाती दिले जातात. खासगी पैशाबाबतही एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट आहे. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण आहे. ज्या खेळाला राष्ट्रीय मान्यता नाही त्याच्यासाठी हा पैसा मोकळा होत नाही. कर्नाटकात विजयनगरला २०१८ मध्ये उभे राहिलेले इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदोच्या मुलांना पूर्ण शिष्यवृत्तीवर ठेवू शकते, कारण हे खेळ त्या यादीत बसतात. म्हणून लढवय्यांच्या पोटाचा प्रश्न अखेर संघटनेच्या प्रश्नाशी येऊन थांबतो. स्वतःला राष्ट्रीय म्हणवणाऱ्या एकाहून अधिक एमएमए संघटना देशात आहेत. संघटनांच्या भांडणात खेळाडूचे काय होते, हे आपण नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहिले आहे: एकाच महिन्यात धाराशिवला एक आणि पुण्याजवळ फुलगावला दुसरी, अशा दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या आणि दोन वेगवेगळे मल्ल महाराष्ट्र केसरी ठरले.

सार्वजनिक पैशाविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप मेंदूच्या इजेचा आहे आणि तो उडवून लावण्याचा मला अधिकार नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिक २०११ पासून बॉक्सर आणि एमएमए लढवय्यांच्या मेंदूचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आहे, आणि वारंवार आघातांचा मेंदूवर परिणाम होतो यात आता संशय उरलेला नाही. मग शासनाने अशा खेळाला हात का लावावा? माझे उत्तर असे आहे की खेळ कोणी थांबवलेला नाही. तो आज वैधानिक नियामक मंडळाशिवाय, हॉटेलांच्या सभागृहांत आणि शहरोशहरीच्या क्लबांमध्ये चालूच आहे. नेवाडा किंवा कॅलिफोर्नियात असते तसे, लढवय्याची तपासणी करून त्याला लढायला बंदी घालू शकणारे मंडळ आपल्याकडे नाही. आणि जो लढवय्या महिन्याच्या भाड्याला महाग आहे तोच आठ दिवसांच्या सूचनेवर लढत स्वीकारतो, एका रात्रीत धोकादायक पद्धतीने पाणी उतरवून वजन कमी करतो, डोके दुखत असल्याचे डॉक्टरांपासून लपवतो आणि आपल्याहून कितीतरी तयार प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतो. या खेळातली सर्वांत टाळता येण्याजोगी हानी गरजेपोटी घेतलेल्या लढतींतून होते. वेतन मिळणाऱ्या लढवय्याला नाही म्हणता येते. शिवाय पैसे देणाऱ्याला अटी घालता येतात: दर वर्षी मेंदूची तपासणी, बेशुद्ध झाल्यावर सक्तीची विश्रांती, सरावात डोक्यावरच्या जोरदार माऱ्याला मर्यादा. आज या अटी घालण्याची ताकद कोणाकडेच नाही, कारण कोणीच काही देत नाही.

बहुतेक मुले अपयशी ठरतील, मग हा पैसा वाया नाही का जाणार, असेही विचारले जाईल. ठरतीलच, प्रत्येक खेळात ठरतात. म्हणूनच यशस्वी लढवय्याकडून किती घ्यायचे यापेक्षा अयशस्वी लढवय्याला कोणत्या अवस्थेत परत पाठवायचे, याचा विचार करारात आधी हवा. मी ज्या व्यवस्थेचा आग्रह धरतो तिच्यात करार तीन वर्षांचा असावा आणि मराठीत किंवा लढवय्याच्या मातृभाषेत लिहिलेला असावा. वेतन लढतीच्या निकालाशी जोडलेले नसावे. सरावाची हजेरी आणि वैद्यकीय तंदुरुस्ती यांचेच बंधन असावे. खासगी पाठीराख्याने परतावा मागितला तर तो घ्यायला माझी हरकत नाही, पण लढवय्याचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावरच, ठरावीक टक्क्यांत आणि ठरावीक वर्षांपुरता. जन्मभराचा वाटा किंवा करार मोडल्यास सगळा खर्च परत करण्याची अट ही वेठबिगारी आहे आणि ती कायद्यानेच निरर्थक ठरवावी. करार चालू असताना मुक्त विद्यापीठातून पदवी, किंवा प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपी साहाय्यक यांपैकी एखादे प्रमाणपत्र पूर्ण करून घेण्याची जबाबदारी संस्थेची असावी. तीन वर्षांनी पुढे न जाणाऱ्याला किमान सहा महिन्यांचे वेतन देऊन मोकळे करावे.

सुरुवात लहान असायला हवी. पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे, शहराच्या दुसऱ्या बाजूला सैन्याची क्रीडासंस्था आहे, शहरात जुन्या तालमी आहेत आणि जुजुत्सू, किकबॉक्सिंग शिकवणारे क्लबही आहेत. जवळपासच्या वजनांचे वीस-पंचवीस तरुण-तरुणी, दोन-तीन पगारी प्रशिक्षक, एक पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट आणि एका रुग्णालयाशी करार, एवढ्यावर पहिली तुकडी उभी राहू शकते. मुलींसाठी सुरक्षित निवास आणि महिला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून असाव्यात, कारण या देशाचा यूएफसीतला पहिला विजय एका मुलीने मिळवला आहे आणि तिला आपल्या तयारीसाठी समुद्र ओलांडावा लागला.

पैसे येतील तेव्हा उपकरणे, इमारत आणि उद्घाटन यांवर आधी खर्च करण्याचा मोह होईल. त्याआधी दुखापतीचे कलम लिहिले जावे: सरावात किंवा लढतीत गुडघा, खांदा, डोळा वा डोके दुखावले तर शस्त्रक्रियेचा आणि पुनर्वसनाचा पूर्ण खर्च संस्था करील, आणि डॉक्टर परत उभे राहू देईपर्यंत, मग त्याला नऊ महिने लागोत की वर्ष, लढवय्याचे वेतन एक रुपयाही कमी न होता चालू राहील. निवडचाचणीची तारीख त्यानंतर जाहीर करावी.